इंजिनाला किती ऑक्टेन लागते?



पेट्रोलपंपावर दुचाकीच्या टाकीचे झाकण उघडले की ‘साधे की प्रीमियम?’ असा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर बहुधा क्षणात दिले जाते. ते देताना गाडी नवी आहे की जुनी, महागडी आहे की साधी, खिशात किती पैसे आहेत याचा हिशेब मनात होतो. परंतु त्या इंजिनाला नेमके काय हवे आहे, हा विचार क्वचितच होतो. भारतात खपणाऱ्या पेट्रोलचा निम्म्याहून अधिक भाग दुचाकींच्या टाक्यांत जातो आणि दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या शेतकऱ्यापासून घरोघरी पार्सले पोहोचवणाऱ्या तरुणापर्यंत लक्षावधी माणसांचे रोजचे पोट याच टाकीवर चालते. म्हणून या क्षणात दिल्या जाणाऱ्या उत्तरामागे काय दडले आहे, याची सावकाश तपासणी होणे आवश्यक आहे.

या व्याख्यानाचे प्रतिपादन थोडक्यात असे, की ऑक्टेनचा आकडा पेट्रोलची प्रत सांगत नाही, ताकद तर मुळीच सांगत नाही. तो इंजिनाची एक विशिष्ट गरज भागवण्याची इंधनाची पात्रता सांगतो. ही गरज इंजिनाच्या रचनेतच ठरलेली असते. गरजेपेक्षा कमी ऑक्टेन घातले तर इंजिन झिजते आणि गरजेपेक्षा जास्त घातले तर पैसा वाया जातो. शिवाय ऑक्टेनचा एकेक अंक वाढवण्यासाठी समाजाने आजवर जी किंमत मोजली आहे, तीही ध्यानात घेतल्यावाचून हा विषय पुरा होत नाही.

प्रथम गरज म्हणजे काय, हे पाहावे लागेल. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण शिरते, पिस्टन वर येताना ते दाबले जाते आणि स्पार्क प्लगची ठिणगी पडताच प्लगपाशी ज्योत निर्माण होऊन ती उरलेल्या मिश्रणातून पसरत जाते. हे ज्वलन अतिशय जलद असले तरी ते क्रमाने होते, आणि ते तसे क्रमाने होणे हेच इंजिनाच्या आरोग्याचे मर्म आहे. ज्योत पुढे सरकत असताना तिच्यामागे तयार झालेले तप्त वायू फुगतात आणि सिलिंडरच्या दूरच्या कोपऱ्यात अजून न जळलेल्या मिश्रणाला आणखी दाबतात. दाबासरशी त्याचे तापमान चढते. ज्योत तेथे वेळेत पोहोचली तर सारे सुरळीत होते. पण ती पोहोचण्याआधीच कोपऱ्यातील मिश्रण स्वतःहून एकदम पेटले तर? तर दाबाच्या लहरी सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा कडकड आवाज येतो. गॅरेजमधील कारागीर याला ‘नॉकिंग’ म्हणतात. या लहरी धातूला चिकटून राहणारा वायूचा पातळ, तुलनेने थंड थर उडवून लावतात, त्यामुळे ज्वलनाची धग थेट पिस्टनला भिडते. पिस्टनच्या माथ्यावर बारीक खड्डे पडतात, रिंगांमधील कडा तुटतात आणि जोरदार नॉकिंग दीर्घकाळ चालले तर पिस्टनला भोकही पडते.

ऑक्टेनांक म्हणजे या अकाली पेटण्याला इंधन किती दाद देत नाही याचे माप. एकोणीसशे विसाच्या दशकात अमेरिकेत ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने त्यासाठी दोन शुद्ध द्रव्ये पुढे ठेवली: एक आयसो-ऑक्टेन, जे सहजी नॉक करत नाही आणि ज्याला १०० अंक दिला गेला, दुसरे नॉर्मल हेप्टेन, जे अगदी थोड्या दाबाने नॉक करते आणि ज्याला शून्य अंक मिळाला. एखाद्या पेट्रोलची नॉक करण्याची प्रवृत्ती ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकी भरली की त्याचा ऑक्टेनांक ९१. ही चाचणी एका खास एकसिलिंडरी इंजिनावर होते, ज्यातील दाब चालू असतानाच कमीअधिक करता येतो. या मोजमापात जळताना मिळणाऱ्या उष्णतेचा कोठेही संबंध येत नाही, याकडे श्रोत्यांनी विशेष लक्ष द्यावे.

मोजमापाच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतून एक मोठा घोटाळा उद्भवतो. संशोधन पद्धतीत चाचणीचे इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांनी सौम्य स्थितीत चालते. मोटर पद्धतीत ते ९०० फेऱ्यांनी, आत शिरणारे मिश्रण तापवून चालवले जाते, त्यामुळे त्याच पेट्रोलचा मोटर पद्धतीतील आकडा कमी येतो. भारतात आणि युरोपात पंपावर संशोधन पद्धतीचा आकडा सांगितला जातो, तर अमेरिकेत दोन्ही आकड्यांची सरासरी. म्हणून तेथील पंपावरचे ८७ आणि येथील ९१ ही जवळपास एकाच प्रतीची पेट्रोले ठरतात. अमेरिकी चालकांची चित्रफीत पाहून ‘तिकडे ८७ चालते, आपल्याकडे ९१ म्हणजे आपले पेट्रोल भारी’ असे मानणारे, किंवा तिकडच्या ९१ ची शिफारस वाचून येथे ९१ वर समाधान मानणारे, दोघेही चुकतात. कारण तिकडचे ९१ येथील मापाने सुमारे ९५ ते ९६ भरते. आयात केलेल्या मोटारसायकलची माहितीपुस्तिका वाचताना आकड्यासोबत मापनपद्धती कोणती, हे पाहिलेच पाहिजे.

आता मुख्य प्रश्न. एखाद्या मोटारसायकलला किती ऑक्टेन लागते हे कशावरून ठरते? सर्वांत ठळक घटक म्हणजे संपीडन गुणोत्तर, ज्याला बोलीत ‘कॉम्प्रेशन रेशो’ म्हणतात: पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते आणि तो माथ्याशी पोहोचल्यावर जेवढी उरते, त्यांचे प्रमाण. ते जितके मोठे तितके मिश्रण अधिक दाबले जाते, इंजिन तेवढ्याच पेट्रोलातून अधिक काम काढते आणि नॉकिंगचा धोकाही तितकाच वाढतो. मद्रासमध्ये तयार होणाऱ्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या जुन्या ३५० सीसी बुलेटचे हे गुणोत्तर सुमारे ६.५ होते, त्या काळच्या हलक्या पेट्रोलवर ती धावावी म्हणूनच ते इतके कमी ठेवलेले होते. आजच्या क्लासिक ३५० मध्ये ते ९.५ आहे, हिमालयन ४५० मध्ये ११.५ आणि यामाहाच्या १५५ सीसीच्या आर-१५ मध्ये ११.६. जुन्या बुलेटला ९५ वा १०० ऑक्टेनचे पेट्रोल पाजणारा मालक प्रेमापोटी तसे करतो यात शंका नाही, पण ६.५ गुणोत्तराच्या इंजिनात ते मिश्रण कोपऱ्यात कितीही दाबले गेले तरी साध्या पेट्रोलचाही कडेलोट होण्याइतके दबत नाही.

परंतु संपीडन गुणोत्तर हा एकमेव निकष मानला तर पुन्हा फसगत होते. साध्या पेट्रोलवर आयुष्य काढणाऱ्या १०० सीसीच्या स्प्लेंडरचे गुणोत्तर आज ९.९ म्हणजे क्लासिकपेक्षा जास्त आहे. मग ती नॉक का करत नाही? कारण तिच्या सिलिंडरचा व्यास अवघा ५० मिलिमीटर आहे. ज्योतीला फार अंतर तोडावे लागत नाही, कोपऱ्यातील मिश्रणाला आपोआप पेटण्यासाठी लागणारी उसंतच मिळत नाही आणि लहान सिलिंडरच्या भिंती उष्णता चटकन ओढून घेतात. हेच तत्त्व पुण्याच्या बजाज कंपनीने २००३ मध्ये पल्सरच्या दोन प्लगांच्या इंजिनात दुसऱ्या वाटेने वापरले: दोन बाजूंनी दोन ज्योती निघाल्या की प्रत्येकीची वाट निम्मी होते. द्रवाने थंड होणारे इंजिन हवेने थंड होणाऱ्या इंजिनापेक्षा उंच गुणोत्तर पेलते. भरपूर कार्बन साचलेले जुने इंजिन नव्याहून अधिक ऑक्टेन मागते, कारण साचलेला थर जागा कमी करतो आणि तापूनही राहतो.

याला जोडून येते ते ठिणगीचे टायमिंग. ज्योत पसरण्यास वेळ लागतो म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या थोडे आधीच ठिणगी पाडावी लागते. ती जितकी आधी तितका दाब मोठा आणि नॉकिंगचा संभव अधिक. मोठ्या, महागड्या मोटारसायकलींपैकी काहींवर नॉकिंगची कंपने ओळखणारा संवेदक असतो आणि हलक्या पेट्रोलवर तो ठिणगी आपोआप उशिरा पाडतो. अशा गाडीला शिफारशीप्रमाणे अधिक ऑक्टेन मिळाले की तिने सोडून दिलेली ताकद तिला परत मिळते. रोजच्या वापरातील बहुतेक लहान दुचाकींवर मात्र असा संवेदक नसतो. त्यांचे टायमिंग कारखान्यात ठरलेल्या तक्त्याप्रमाणेच चालते. टाकीत ९१ आहे की १००, हे ज्या इंजिनाला कळण्याचा मार्गच नाही, ते १०० चा फायदा कसा घेणार?

येथवरचा विचार ध्यानात घेतला तर पंपावर चालणाऱ्या तीन समजुती आपोआप गळून पडतात. पहिली, जास्त ऑक्टेनने पिकअप वाढतो. ज्या इंजिनात नॉकिंग होतच नव्हते, त्यात ते रोखल्याने पिकअप वाढण्याचे कारण नाही. दुसरी, ॲव्हरेज वाढते. ऑक्टेनांक उष्णता मोजत नाही, हे वर आलेच आहे. तिसरी समजूत अधिक बारकाईने पाहावी लागते: प्रीमियम पेट्रोलने इंजिन स्वच्छ राहते. काही प्रीमियम पेट्रोलांत व्हॉल्व्ह आणि इंजेक्टरवरील मळ धुणारी रसायने मिसळलेली असतात आणि त्यांचा उपयोग खराच असतो. परंतु तो गुण ऑक्टेनचा नव्हे, त्या रसायनांचा आहे, आणि दोन्ही एकाच नावाखाली विकले गेल्यामुळे ग्राहक एकाचे पैसे दुसऱ्यासाठी मोजतो. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल आणले तेव्हा पहिल्या काही शहरांत मुंबई आणि पुणेही होते. साध्या पेट्रोलहून बरेच महाग असलेले ते इंधन ज्या इंजिनांसाठी आहे, ती इंजिने या दोन शहरांच्या रस्त्यांवर आहेत, पण फार थोडी आहेत.

मग नॉकिंग प्रत्यक्षात कधी जाणवते? एप्रिलच्या दुपारी वरंध किंवा आंबेनळी घाटात मागे माणूस आणि सामान घेऊन चढणारी मोटारसायकल डोळ्यांसमोर आणावी. इंजिन तापलेले आहे, वळणावर वेग पडला आहे, चालकाने गिअर उतरवलेला नाही आणि त्याच वरच्या गिअरमध्ये त्याने ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला आहे. फेऱ्या कमी, भार जास्त, आत येणारी हवा गरम: नॉकिंगला हवी ती सारी परिस्थिती एकत्र आली. अशा वेळी टाकीच्या खालून कडकड ऐकू येते आणि ॲक्सिलरेटर थोडा सोडताच ती थांबते. हीच तिची ओळख. टॅपेटचा आवाज गाडी उभी असतानाही येतो आणि फेऱ्यांबरोबर वाढतो. चेनचा आवाज चाकाच्या गतीशी बांधलेला असतो. नॉकिंग भाराबरोबर येते आणि भाराबरोबर जाते. त्यावरचा पहिला उपाय पंपावर नसून डाव्या पायाशी आहे, म्हणजे गिअर एक पायरी उतरवणे. गिअर उतरवूनही आवाज राहिला तर टायमिंग, कार्बन, प्लगचा उष्णतामान-क्रमांक आणि मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण तपासून घ्यावे. हे सर्व ठीक असूनही आवाज येत असेल तर आणि तरच अधिक ऑक्टेनचा विचार करावा.

याच संदर्भात दरवर्षी महाराष्ट्रातून लडाखला निघणाऱ्या मोटारसायकलस्वारांसाठी एक गोष्ट सांगणे इष्ट आहे. त्यांपैकी अनेक जण ऑक्टेन वाढवणाऱ्या द्रव्याच्या बाटल्या सोबत नेतात, कारण उंचीवर गाडी दम टाकते असा अनुभव असतो. तो अनुभव खरा आहे, निदान मात्र उलटे आहे. साडेतीन हजार मीटरवरील लेहमध्ये हवा विरळ असते, सिलिंडरमध्ये तिचे वजन कमी भरते, दाब घटतो आणि इंजिनाची ऑक्टेनची गरज तेथे मुंबईपेक्षा कमी होते. दम टाकण्याचे कारण प्राणवायूची तूट हे आहे आणि बाटलीतील द्रव्य ती भरून काढू शकत नाही.

आता इथेनॉलकडे वळावे लागेल, कारण त्याने भारतातील ऑक्टेनचा सारा हिशेब बदलला आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा आरंभापासून आहे. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले तेव्हा त्यांतील दोन मिरज आणि मनमाड येथे होते. तेथून आज देश २० टक्क्यांवर आला आहे. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेनांक सुमारे १०८ असल्याने मिश्रणाचा आकडा चढतो. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या निवेदनानुसार पूर्वी ८८ असलेला साध्या पेट्रोलचा ऑक्टेनांक भारत स्टेज सहाच्या प्रदूषण-मानकांसाठी ९१ झाला आणि २० टक्के मिश्रणामुळे तो ९५ पर्यंत गेला आहे. म्हणजे ज्या दुचाकीच्या पुस्तिकेत ९१ लिहिले आहे, तिच्या मालकाला ऑक्टेनसाठी जादा पैसे मोजण्याचे उरलेसुरले कारणही आता राहिलेले नाही.

ऑक्टेन वाढला, म्हणून सर्व काही वाढले का? तसे नाही. एक लीटर इथेनॉलमध्ये एक लीटर पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश एवढीच उष्णता असते. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच अशा मिश्रणासाठी न बनलेल्या दुचाकींच्या ॲव्हरेजमध्ये ३ ते ४ टक्के घट अपेक्षिली होती. ऑक्टेन अधिक आणि उष्णता कमी, हे दोन्ही एकाच इंधनात एकाच वेळी नांदतात, आणि ऑक्टेन म्हणजे ताकद या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर शोधूनही मिळणार नाही. शिवाय इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि इंजिन अधिक तापू शकते. इंजेक्शनच्या गाड्यांपैकी ज्यांच्यात सायलेन्सरमधील प्राणवायू मोजणारा संवेदक असतो, त्या ही तूट बऱ्याच अंशी आपली आपण भरून काढतात. इथेनॉल पाणीही ओढते. कोकणातील पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या टाकीसह महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी पुरेसे शिरले, तर इथेनॉल त्याच्यासह तळाशी बसते आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनांक घसरतो. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी व धातूचे भाग या मिश्रणाला सोसतील असे बनवले जाऊ लागले. त्याआधीच्या गाडीच्या मालकाने नळ्या आणि वॉशर तपासत राहावे, आणि प्रीमियम म्हणजे इथेनॉलमुक्त, असे गृहीत धरू नये.

या ठिकाणी इतिहासाकडे एकदा मागे वळून पाहणे भाग आहे, कारण ऑक्टेन कधीही फुकट मिळालेला नाही. अमेरिकेतील डेटन येथे जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली याने डिसेंबर १९२१ मध्ये शोधून काढले, की टेट्राइथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये अगदी थोडे मिसळले तरी नॉकिंग थांबते. मद्यार्क हाही उपाय ठरतो, हे त्या संशोधकांना ठाऊक होते. पण शिसे स्वस्त होते, पेटंटखाली ठेवता येत होते आणि चिमूटभर पुरत होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हे संयुग हाताळणारे पाच कामगार शिशाच्या विषबाधेने भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तरीही ते विकले गेले आणि पुढील अनेक दशके जगभरच्या मुलांच्या रक्तात आणि मेंदूत साचत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाले आणि मोटारींसाठीचे जगातील शेवटचे शिसेयुक्त पेट्रोल २०२१ मध्ये अल्जीरियातील पंपांवर संपले. पाऊण शतकाहून अधिक काळ ज्या आकड्यासाठी हे विष हवेत सोडले गेले, तो आकडा हाच, जो आज पंपावर गाडीच्या प्रतिष्ठेचा भाग म्हणून विकत घेतला जातो.

शिशानंतर तेलशुद्धीकरण कारखान्यांनी ऑक्टेन मिळवला तो बेंझीनसारखी सुगंधी हायड्रोकार्बने वाढवून; बेंझीन कर्करोगकारक असल्याने त्याचे प्रमाण १ टक्क्यावर बांधून ठेवावे लागले. आज तो इथेनॉलमधून येतो, आणि इथेनॉलचा एक हिस्सा उसातून. निती आयोगाच्या त्याच आराखड्यात साखरेपासून एक लीटर इथेनॉल तयार होण्यासाठी सुमारे २,८६० लीटर पाणी लागते, असे म्हटले आहे. सोलापूर आणि मराठवाड्यातील पाण्याची स्थिती जाणणाऱ्या श्रोत्यांना हा आकडा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. याचा अर्थ इथेनॉल त्याज्य आहे असा नव्हे. शिशाच्या तुलनेत ते शतपटीने श्रेयस्कर आहे, साखर कारखान्यांना आणि ऊस-उत्पादकाला त्याने हाती पैसा दिला आहे, आणि आता ते अधिक प्रमाणात धान्यापासून होऊ लागले आहे. अर्थ एवढाच, की गरजेवाचून घेतलेल्या ऑक्टेनची झळ घेणाऱ्याच्या खिशापुरती राहत नाही.

म्हणून शेवटचा मुद्दा ग्राहकाच्या अधिकाराचा आहे. मोटारसायकलच्या माहितीपुस्तिकेत आणि पुष्कळदा टाकीच्या झाकणाजवळील चिकटपट्टीवर किमान ऑक्टेन लिहिलेला असतो. तोच पाळावा, हा या व्याख्यानातील व्यावहारिक सल्ल्याचा गाभा. पण पंपाकडून त्याच स्पष्टतेने उत्तर मिळते का? अमेरिकेत प्रत्येक पंपावर पिवळ्या पट्टीत ऑक्टेनचा आकडा लावणे कायद्याने बंधनकारक आहे. युरोपीय संघात ऑक्टोबर २०१८ पासून पेट्रोलच्या नोझलवर वर्तुळात इथेनॉलचे प्रमाण छापलेले असते आणि तीच खूण नव्या वाहनाच्या झाकणाशीही असते. आपल्याकडे मात्र अनेक ठिकाणी मोठ्या अक्षरांत दिसते ते कंपनीने दिलेले आकर्षक नाव. किमान ऑक्टेनांक, तो कोणत्या पद्धतीने मोजला, इथेनॉल किती टक्के आणि मळ धुणारी रसायने आहेत की नाहीत, या चार गोष्टी प्रत्येक नोझलवर मराठीत, दुचाकीवर बसल्या बसल्या वाचता येतील एवढ्या अक्षरांत असल्या पाहिजेत. तेल कंपन्यांना हे अवघड नाही, कारण चारही गोष्टी त्यांच्या कागदपत्रांत आधीच नोंदलेल्या असतात. त्या कागदावरून नोझलवर याव्यात, अशी मागणी राज्यातील ग्राहक संघटनांनी आणि दुचाकीस्वारांच्या मंडळांनी लावून धरावी.